बालकांचा नेफ्रोटिक सिंड्रोम : प्रतिपिंड-उपचारांची तुलना

नेफ्रोटिक सिंड्रोम झालेल्या बालकांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात, "अधिक महागडे, नवे इंजेक्शन दिले तर आजार कायमचा जाईल काय?" वरूड परिसरातील अनेक कुटुंबांचा वर्षाचा हिशेब संत्र्याच्या बहारावर चालतो. म्हणून तज्ज्ञांनी दिलेली माहिती येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

या आजारात मूत्रावाटे प्रथिने वाहून जातात. सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते. बहुतेक बालकांना स्टेरॉइडने आराम पडतो, परंतु आजार पुनःपुन्हा उलटतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास उंची खुंटते, डोळे व हाडे यांवरही परिणाम होतो. अशा वेळी प्रतिपिंड-औषधांचा विचार होतो. ही औषधे रक्तातील 'बी' पेशी काही महिने नाहीशा करतात.

रिटुक्सिमॅब हे त्यांतील जुने औषध. जपानमधील ४८ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) ते घेणाऱ्यांचा आजार न उलटण्याचा मध्यम काळ २६७ दिवस, तर इतरांचा १०१ दिवस होता. कोलकात्याच्या चाचणीत (२०१८) वर्षभर आजार न उलटलेली बालके रिटुक्सिमॅब गटात ६० पैकी ५४, तर टॅक्रोलिमस गटात ६० पैकी ३८ होती.

ऑफाटुमुमॅब हे त्यानंतरचे, पूर्णतः मानवी घडणीचे प्रतिपिंड. ते सरस ठरेल, अशी अपेक्षा होती. इटलीतील चाचणीत (२०२१) अधिक गुंतागुंतीच्या आजाराच्या १४० रुग्णांना दोहोंपैकी एका औषधाची एकच मात्रा दिली गेली. वर्षभरात ऑफाटुमुमॅबच्या ७० पैकी ३७ जणांत व रिटुक्सिमॅबच्या ७० पैकी ३६ जणांत आजार उलटला. फरक नगण्य होता. रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ पासून देशात उपलब्ध आहे. तेव्हा केवळ नवेपणासाठी बाग गहाण टाकण्याचे कारण नाही.

मात्र कोणतेही इंजेक्शन हा कायमचा इलाज नव्हे. ते देण्यापूर्वी कावीळ-ब व क्षयाची तपासणी आणि शक्य ते लसीकरण आवश्यक असते. नंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ताप आल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. घरी पट्टीने नियमित मूत्रतपासणी करून वहीत नोंद ठेवावी. सलग तीन दिवस तीन अधिक (+++) आल्यास आजार उलटला असे समजून डॉक्टरांना कळवावे. स्टेरॉइड आपल्या मनाने बंद करू नये, ही सर्व पालकांस नम्र विनंती.