निकालपत्रकापासून सुरू होणारा अभ्यास

सनदी लेखापाल होण्यासाठी भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या, म्हणजेच आयसीएआयच्या, फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल अशा तीन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. या तिन्ही पहिल्याच प्रयत्नात पार करणारे विद्यार्थी थोडेच असतात, आणि उरलेल्यांना कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्याच विषयांच्या परीक्षेला पुन्हा बसावे लागते. असे असूनही अभ्यासाची बहुतेक वेळापत्रके पहिल्यांदा बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आखलेली असतात. पुन्हा बसणाराही तीच घेतो, पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करतो आणि जे आधीच येत होते त्यावर अर्धाअधिक वेळ घालवतो. फेरप्रयत्नाचा अभ्यास पुस्तकाच्या पहिल्या पानापासून नव्हे, तर मागच्या निकालपत्रकापासून सुरू व्हायला हवा, कारण कुठे आणि किती कमी पडले याची नेमकी माहिती त्या एकाच कागदावर असते.

निकालानंतर हाती उरणारा काळ आता फार थोडा आहे. पूर्वी वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षा इंटरमीजिएट आणि फाउंडेशनसाठी २०२४ पासून, तर फायनलसाठी २०२५ पासून वर्षातून तीनदा, म्हणजे साधारणतः जानेवारी, मे आणि सप्टेंबर या महिन्यांत होऊ लागल्या. २०२५च्या मे महिन्यातील परीक्षेचा निकाल ६ जुलैला लागला आणि पुढची परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाली, म्हणजे मधे जेमतेम दोन महिने होते. पुढच्या परीक्षेचे अर्जही निकालाच्याच सुमारास भरले जातात. त्यामुळे पेपरांच्या दोन ग्रुपांपैकी एकच द्यायचा की दोन्ही, हा निर्णय अपयशाचा धक्का ओसरण्याआधीच घ्यावा लागतो, आणि तो भावनेच्या भरात न घेता गुणांचा हिशेब करून घेणे हिताचे ठरते.

इंटरमीजिएट आणि फायनल या दोन्ही परीक्षांत प्रत्येकी शंभर गुणांचे सहा पेपर असून ते तीन-तीनच्या दोन ग्रुपांत विभागलेले आहेत. ग्रुप सुटण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० आणि तिन्ही मिळून किमान १५० गुण लागतात. या एकूण बेरजेला विद्यार्थी अ‍ॅग्रीगेट म्हणतात. ग्रुप सुटला नाही, पण त्यातील सर्व पेपर देऊन एखाद्यात ६० किंवा अधिक गुण मिळाले, तर तो पेपर पुढच्या तीन परीक्षांपुरता पुन्हा द्यावा लागत नाही. हीच एक्झेम्प्शन, म्हणजे पेपरापुरती सूट. सूट मिळालेल्या पेपराचे गुण पुढील बेरजेत धरले जातात. २०२३च्या नव्या योजनेनुसार ही सूट तीन परीक्षांनंतरही टिकवून ठेवता येते, मात्र त्यानंतर उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० गुण मिळवावे लागतात. म्हणून सुटीची तीन परीक्षांची मुदत वाया जाऊ न देणे हे वेळापत्रकाचे पहिले बंधन मानावे.

या नियमांमुळे अपयशाचे निरनिराळे प्रकार होतात, आणि प्रत्येकाचा अभ्यास वेगळा असतो. एखाद्याला ७१, ६६ आणि ३६ गुण मिळाले, तर त्याला पुढच्या वेळी एकाच पेपराची परीक्षा द्यायची असते आणि तीत केवळ ४० गुणांचा उंबरठा ओलांडायचा असतो. त्याने सगळा वेळ त्या एका विषयाच्या पायावर खर्च करावा. ६२, ४५ आणि ३८ गुण मिळवणाऱ्याला एक सूट मिळते आणि उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ गुण हवे असतात. म्हणजे पूर्वीपेक्षा पाचच गुण जास्त, पण ते अशा रीतीने की कोणताही पेपर चाळिशीखाली जाणार नाही. सर्वांत फसवी स्थिती ५२, ४८ आणि ४४ गुण मिळवणाऱ्याची असते. तो एकाही पेपरात नापास नसतो, केवळ सहा गुणांनी अडतो, आणि तरीही तिन्ही पेपर त्याला पुन्हा द्यावे लागतात. प्रत्येक विषय थोडा थोडा सुधारण्याचा मोह त्याने टाळावा. ज्या एका विषयात गुण सर्वांत लवकर वाढू शकतील तो निवडून त्यात साठीपर्यंत पोहोचण्याची आखणी करावी, कारण त्याने बेरीजही भरून निघते आणि ग्रुप पुन्हा अडलाच तर सूट तरी हाती राहते.

दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचा एक फायदा विसरला जातो. सहाही पेपरांत किमान ४० आणि सगळ्यांची बेरीज ३०० असेल, तर एका ग्रुपात १६५ आणि दुसऱ्यात १४० गुण असले तरी दोन्ही ग्रुप सुटतात. हा आधार मौल्यवान आहे. पण सहा विषयांची दोन महिन्यांत खरी उजळणी शक्य नसेल, तर त्याच्या आशेवर दोन्ही ग्रुपांचा अर्ज भरणे म्हणजे दोन्ही अर्धवट ठेवणे होय.

निकालपत्रक गुण सांगते. ते का गेले हे उत्तरपत्रिका सांगते. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. आयसीएआयही शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत देते. तिच्यासाठी निकालानंतर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. बरेच विद्यार्थी हा अर्ज गुण वाढतील या आशेने करतात. परंतु उत्तरांचे पुनर्मूल्यांकन होत नसून बेरजेची आणि तपासायच्या राहिलेल्या उत्तरांचीच पडताळणी होते, त्यामुळे प्रतीचा खरा उपयोग निदानासाठी आहे. ती संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आदर्श उत्तरांशेजारी ठेवून प्रत्येक गमावलेल्या गुणाचे कारण लिहून काढावे: मुद्दा मुळात माहीतच नव्हता, माहीत असून आठवला नाही, आठवला पण कायद्याची तरतूद न सांगता थेट निष्कर्ष लिहिला, गणितात वर्किंग नोट्स म्हणजे आकडेमोडीच्या पायऱ्या दाखवल्या नाहीत, की वेळच पुरला नाही. पहिल्या कारणावर वाचन हा उपाय आहे, दुसऱ्यावर वारंवार आठवण्याचा सराव आणि उरलेल्यांवर लिहिण्याचा सराव. वेळ न पुरल्यामुळे नापास झालेल्या विद्यार्थ्याने पुस्तक आणखी दोनदा वाचले, तर त्याचा वेळ पुढच्या परीक्षेतही पुरणार नाही.

पुन्हा बसणाऱ्यापुढची सर्वांत मोठी अडचण अज्ञान ही नसून परिचय ही असते. दोनदा वाचलेले पान तिसऱ्यांदा समोर आले की ते सोपे वाटते, आणि हे सोपे वाटणेच येत असल्याचा भास निर्माण करते. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून फेरप्रयत्नाच्या वेळापत्रकात प्रत्येक प्रकरणाची सुरुवात वाचनाने न होता प्रश्नाने व्हावी. आधी मागच्या परीक्षेतील एक प्रश्न पुस्तक मिटून सोडवावा आणि अडेल तेवढेच वाचावे. येणारी प्रकरणे अशाने तासाभरात बाजूला होतात आणि न येणारी उघडी पडतात.

आखणी शेवटाकडून मागे करणे सोयीचे असते. इंटरमीजिएट आणि फायनलच्या दोन पेपरांत साधारणपणे एक दिवसाचे अंतर असते, म्हणजे एक पेपर संपल्यावर पुढच्याच्या उजळणीला विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘दीड दिवस’ मिळतो. संपूर्ण विषय दीड दिवसात नजरेखालून जाईल इतका तो आधीच आटोपशीर झालेला असला पाहिजे, आणि हीच तयारीची खरी कसोटी आहे. त्यामुळे परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रत्येक विषयाची अशी दीड दिवसाची रंगीत तालीम ठेवावी. त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत वेळ लावून पूर्ण पेपर लिहावेत, आणि उरलेले चारेक आठवडे निदानात सापडलेल्या कच्च्या भागांना द्यावेत. पेपर दुपारी दोन वाजता सुरू होतो, तेव्हा सरावाचे पेपरही दुपारीच लिहावेत. एरवी रात्री जागून अभ्यास करणाऱ्यांसाठी तर हा बदल फारच महत्त्वाचा आहे. बहुतेक पेपरांत तीन तासांत शंभर गुण म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो, आणि नव्या योजनेत ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना असल्यामुळे वेळेची ही विभागणी हाताला बसावी लागते.

तासांचा हिशेब प्रामाणिक असावा. फायनलला पुन्हा बसणाऱ्यांपैकी अनेकजण आर्टिकलशिप, म्हणजे लेखापालाच्या हाताखालील सक्तीचे प्रशिक्षण, संपवून नोकरीला लागलेले असतात. त्यांना कामाच्या दिवशी तीन आणि सुटीच्या दिवशी आठ तास मिळाले, तरी आठवड्याचे ३१ आणि आठ आठवड्यांचे सुमारे २५० तास होतात. तीन विषयांना मिळून हे पुरेसे असू शकते, पण सहांना नाही. त्यातही माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी दाखवून दिले आहे. म्हणून आठवड्यातील अर्धा दिवस कोणताही विषय न नेमता मोकळा ठेवावा, म्हणजे आजारपण, घरचे कार्य किंवा कार्यालयातील महिनाअखेरीची धावपळ यामुळे मागे पडलेले तिथे भरून काढता येते. घरच्यांनाही परीक्षेची तारीख आणि रोजच्या अभ्यासाची वेळ स्पष्ट सांगितलेली बरी. दुसऱ्यांदा बसणाऱ्याला घरात पहिल्या वेळेइतकी मोकळीक सहसा मिळत नाही, आणि ती मागण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

करविषयक पेपरांना जुन्या नोट्सवर विसंबणे धोक्याचे असते. प्रत्येक परीक्षेला कायद्यातील कोणत्या तारखेपर्यंतचे बदल लागू आहेत हे संस्था जाहीर करते. सर्वसाधारणपणे ही तारीख परीक्षेच्या सहाएक महिने आधीची असते. वस्तू आणि सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या प्रमाणात बदलले, आणि आयकराचा १९६१चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा लागू झाला. अशा संक्रमणाच्या काळात आपल्या परीक्षेला कोणता कायदा लागू आहे हे घोषणेतून पाहून, आणि संस्थेच्या रिव्हिजन टेस्ट पेपरमधील दुरुस्त्या तपासूनच नोट्स उघडाव्यात.

परीक्षेच्या दिवसांचीही आखणी आधीच करावी लागते, विशेषतः एखादा पेपर बिघडल्यास काय करायचे याची. बाहेर पडल्यावर उत्तरे पडताळण्यात पुढच्या पेपराचा दीड दिवस खर्च होतो, म्हणून ते टाळावे. पहिला पेपर वाईट गेला म्हणून उरलेले सोडून देणारे विद्यार्थी दरवेळी दिसतात, पण सूट केवळ ग्रुपातील सर्व पेपर देणाऱ्यालाच मिळते. पहिल्या पेपरात ३५ गुण मिळतील अशी खात्री असली, तरी दुसऱ्या दोन पेपरांत साठ-साठ गुण मिळाले तर पुढच्या परीक्षेला एकच पेपर उरतो आणि त्यात ४० गुण पुरतात. मधूनच उठून गेलेल्याला मात्र पुन्हा तिन्ही पेपर द्यावे लागतात.