‘हा माझा पोरगाच’ : कौतुकाच्या पुढची गोष्ट

गोंदिया जिल्ह्यात पोरीने बॉयकट केला, मोटारसायकल चालवली, राइस मिलवर उभं राहून धानाची पोती मोजून घेतली, तर तिचं कौतुकच होतं. बाप चारचौघांत सांगतो, ‘हा माझा पोरगाच आहे.’ माझंही झालं. चिखलणीचा ट्रॅक्टर मी चालवायची आणि बांधीत रोवणी करणाऱ्या बाया म्हणायच्या, पोरगी कामाची निघाली. पाहुणे बघायला यायची वेळ आली, तेव्हा त्याच घरात ‘आता केस वाढव’ सुरू झालं. तोवरचं माझं पोरगेपण घराच्या उपयोगाचं होतं, मुलगा नसल्याची उणीव भरून काढत होतं. ते माझं स्वतःचं आहे, लग्नाच्या वयानंतरही राहणार आहे आणि माझा जीव बाईवरच जडतो, हे ठामपणे सांगायला मला ‘बुच’ हा शब्द मिळाला.

हा शब्द अमेरिकेत रुजला तो कामगार बायकांमध्ये. लेस्ली फाइनबर्गच्या १९९३ सालच्या ‘स्टोन बुच ब्लूज’ कादंबरीतली बुच जेस बफेलो शहरातल्या कारखान्यांत राबते. म्हणूनच तो मला परका वाटला नाही.

मराठी रंगभूमीवर आमच्यासारखीला मध्यभागी उभं केलं विजय तेंडुलकरांनी. १९८१मध्ये आलेल्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये रोहिणी हट्टंगडी सुमित्रा, म्हणजे मित्रा, झाल्या. नमा नावाच्या मुलीवर जीव ओवाळून टाकणारी, कुणापुढे न वाकणारी कॉलेजातली मुलगी. तिची गोष्ट सांगतो तिचा दोस्त बापू. तो भला आहे, तिच्यासाठी झिजतो. पण अख्ख्या नाटकात मित्राला तिच्यासारखी दुसरी एकही भेटत नाही आणि शेवटी ती जीव देते. त्या काळात हे लिहिणं धाडसाचंच होतं. तरी ते वाचताना माझा संताप होतो, कारण तिला मारतो तो एकटेपणा.

अशी माणसं तेव्हाही होती. १९८७मध्ये भोपाळला लीला आणि उर्मिला या दोन महिला पोलिसांनी गांधर्व विवाह केला आणि दोघींची नोकरी गेली. १९९५मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला, तोच पुढे ‘लेबिया’ झाला. १९९८मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटाच्या वेळी मुंबईत चित्रपटगृहं फोडली गेली, तशा दिल्लीत बायका फलक घेऊन रस्त्यावरही आल्या. ‘लेबिया’च्या कार्यकर्त्यांनी, जन्माच्या वेळी मुलगी ठरवल्या गेलेल्या ५० जणांशी बोलून केलेला अभ्यास २०१५मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातले काही स्वतःला बाई म्हणतात, काही पुरुष, काही दोन्ही नाही. मला तो फार आधाराचा वाटला. गावात मला विचारतात, ‘ऑपरेशन करून पुरुष होणार का?’ बीडचे पोलीस कर्मचारी ललित साळवे यांनी २०१८मध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. ती त्यांची वाट होती, हक्काची. मी बाई आहे, या केसांसकट, या चालीसकट.

‘क्विअर’ हा आम्हा सगळ्या चाकोरीबाहेरच्यांना कवेत घेणारा शब्द मात्र मी नागपूरच्या प्राइड मोर्चात स्वीकारला. तिथे हिजडा होत्या, गे पोरं होती, काही आया होत्या. बुचने मी कोण ते कळलं, क्विअरने माझे कोण ते कळलं.

कायदा अर्ध्यावर थांबलाय. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने आमचं प्रेम गुन्ह्यातून काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ला लग्नाचा हक्क नाकारला. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की क्विअर जोडीदार बँकेत संयुक्त खातं उघडू शकतात, त्या खात्यासाठी एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमू शकतात. हे तालुक्याच्या शाखेत कुणी वाचलेलं नसतं. त्या स्पष्टीकरणाचा कागद सोबत न्यावा.

पुन्हा नाटकाकडे येते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात. दंडार या आमच्या लोकनाट्यात पिढ्यानपिढ्या पुरुष बाई होऊन नाचले आणि झाडीपट्टीने, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाने, त्यांना डोक्यावर घेतलं. आता झाडीपट्टी नाटकांचं गाव असलेल्या वडशाच्या एखाद्या नाटककाराने ट्रॅक्टर चालवणारी, बाईवर जीव लावणारी नायिका लिहावी. झाडीबोलीत बोलणारी. आणि पहाटे पडदा पडतो तेव्हा ती जिवंत असावी, तिच्या बाईसोबत.