वाइनवरचा कर: दोन विचार, एक बाटली

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या परिसरात आज द्राक्षबागांना लागून वायनरी उभ्या आहेत. त्यामागे हवामानाइतकाच राज्याच्या करधोरणाचा हात आहे. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. पुढे व्हॅटचा परतावाही आला: २० टक्के व्हॅट भरायचा, त्यातले १६ टक्के उत्पादकाला परत. म्हणजे हजार रुपयांच्या बाटलीवर २०० रुपये कर जमा होतो, पण सरकारकडे उरतात ४०. पिण्याची दारू जीएसटीबाहेर असल्याने हा निर्णय आजही राज्याच्या हातात आहे.

अशी सवलत द्यावी का, यावर अर्थशास्त्रात सरळ दोन तट आहेत. जर्मन विचारवंत फ्रेडरिक लिस्ट यांनी १८४१ मध्ये मांडलं, की नवख्या उद्योगाला पाय रोवेपर्यंत संरक्षण हवं. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांचं १९२० मधलं म्हणणं वेगळं: ज्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला बसते, त्याच्यावर त्या झळीइतका कर लावा. दारूमुळे होणारे अपघात, आजार, घरातली भांडणं ही ती झळ.

मला लिस्ट पटतात, पण एका अटीवर. ती अट इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांची: असं संरक्षण तात्पुरतंच असावं, असं त्यांनी बजावलं होतं. पाव शतकानंतर नाशिकचा हा उद्योग नवखा राहिला आहे का, आणि परताव्यातला किती पैसा द्राक्षाच्या भावातून शेतकऱ्यापर्यंत पोचतो, हे दोन्ही सरकारने आकड्यांनिशी लोकांसमोर मांडायला हवं.