टिंबाने सुरू होणारी ओळ

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'मॅन' लिहून पुढे एखाद्या कमांडचं नाव दिलं, की तिचं माहितीपान उघडतं. ठळक शीर्षकं, आत सरकलेले परिच्छेद, सगळं जागच्या जागी. या मांडणीमागची भाषा कळली तेव्हा मी थक्क झालो. ती आहे ट्रॉफ. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जो ओसाना यांनी १९७० च्या दशकात एका फोटोटाइपसेटरसाठी ती घडवली. फिल्मवरच्या अक्षरांमधून प्रकाश सोडून ते यंत्र मजकूर उमटवायचं. यंत्र केव्हाच इतिहासजमा झालं, त्याच्याशी बोलायची भाषा मात्र अजून रोजच्या कामात आहे.

ती हाताने लिहायला आज फार थोडे जण धजावतात. बहुतेकांना मार्कडाउन सोयीचं वाटतं: शीर्षकाआधी #, ठळक शब्दाभोवती दोन-दोन तारका. मधला पूल बांधतात पॅनडॉकसारखे प्रोग्रॅम. पॅनडॉक लिहिलं जॉन मॅकफार्लेन यांनी, आणि ते बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवतात! त्यांचा प्रोग्रॅम एका खुणेच्या जागी दुसरी खूण ठेवत बसत नाही. आधी तो मजकुराचा वृक्ष रचतो: हे शीर्षक, हा परिच्छेद, त्यात हा ठळक शब्द. या वृक्षात ना तारका उरतात ना #. उरते ती निव्वळ रचना. मग त्याच वृक्षातून माहितीपान काढा, वेबपान काढा, नाहीतर पुस्तक.

खरी गंमत पुढे आहे. ट्रॉफमध्ये ओळीच्या आरंभी टिंब आलं, की ती ओळ मजकूर न राहता आज्ञा ठरते. आणि युनिक्समध्ये लपवलेल्या फाइलींची नावं टिंबानेच सुरू होतात! असं नाव ओळीच्या तोंडाशी आलं, की ट्रॉफ त्याला अनोळखी आज्ञा समजतं आणि ती ओळ बहुधा निमूटपणे गायब होते. म्हणून रूपांतर करताना टिंबाआधी \& घालतात. या खुणेची रुंदी शून्य. ती कुठेच दिसत नाही, पण तिच्यामुळे टिंब ओळीच्या आरंभी राहत नाही.

कमांडच्या पर्यायाआधीची छोटी रेघ त्याहून फसवी. ट्रॉफच्या लेखी साधी रेघ म्हणजे शब्द जोडणारं चिन्ह. उणे चिन्ह हवं तर \- लिहावं लागतं. हा फरक राखला नाही, तर काही संगणकांवर पान अगदी बरोबर दिसतं, पण त्यातून उचललेली कमांड चालत नाही.