चोकची केबल : काम लहान, नाव मोठे

करावे गावाच्या एका अंगाला पाम बीच रस्ता आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी आहे. खाडीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, हे या भागातल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. गंजलेला पत्रा दिसतो, रंगाला आलेले फोड दिसतात. पण नळीच्या आत गंजणारी तार कोणाला दिसत नाही. जुन्या मोटारीतली चोकची केबल ही अशीच दडलेली वस्तू आहे.

समजा, करावे-सीवूड्स भागातल्या एखाद्या गॅरेजात एमजीए आली. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडात बनलेली ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स गाडी. मालकाची तक्रार अशी की गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल फार पिते आणि गरम झाली की अडखळते. घाई करणारा मिस्त्री सांगेल, "इंजिन उतरवावे लागेल." जाणता कारागीर आधी बॉनेट उघडून चोकचा दांडा पूर्ण मागे गेला आहे का ते पाहील. आत नॉब दाबलेला असतो, पण तार नळीत जाम झालेली असते आणि चोक अर्धा उघडाच राहतो. दुखणे एवढेसेच असते. मात्र दुर्लक्ष केले तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, खाली ऑइलमध्ये मिसळते, आणि मग खरोखरच इंजिन उतरवायची वेळ येते.

चोक करतो काय?

परदेशी गाडी म्हणून बिचकण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या एमजीएचे १४८९ सीसी इंजिन आणि आपल्या अम्बॅसडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातले आहे. ज्याने अम्बॅसडर उघडली आहे, त्याच्या हाताला हे इंजिन परके वाटणार नाही. फरक असा की एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात.

काही कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की हवेच्या वाटेवर झडप येते. एसयूमध्ये तशी झडप नसते. तिथे जेटमध्ये एक निमुळती सुई उतरलेली असते. चोक ओढला की जेट खाली सरकतो, सुईभोवतीची जागा वाढते आणि पेट्रोल जास्त येते. नॉब थोडाच ओढला तर फक्त थ्रॉटल किंचित उघडतो, म्हणजे इंजिनाचा वेग वाढतो. आणखी ओढल्यावर जेट खाली जाऊ लागतो. एकच केबल दोन्ही कार्ब्युरेटरचे जेट हलवते. म्हणून एक वर गेला आणि दुसरा खालीच राहिला, तर गाडी कधीच सुरळीत चालणार नाही.

केबल खराब का झाली, हे आधी शोधा

आपल्याकडे थंडी बेताची. महिनोन्‌महिने चोक ओढला जात नाही आणि न हलणारी तार गंजून बसते. हे पहिले कारण. दुसरे कारण उष्णता. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात. केबल मॅनिफोल्डला टेकली की तिचे आवरण वितळते. तिसरे कारण, पत्र्याच्या भोकातले रबर ग्रॉमेट निघून गेलेले असते आणि पत्र्याची धार नळीला कापत राहते.

चौथे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते. त्याला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी तुटली किंवा गंजली, तर स्टार्टरचा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो. चोकची आणि थ्रॉटलची केबल ही ती वाट. सेल्फ मारताच केबल तापते, कधी धूर निघतो, तार आतल्या आत चिकटते. अशा गाडीला नवी केबल घातली तर तीही जळेल. म्हणून जळकट केबल दिसली की आधी अर्थिंगची पट्टी तपासा. टोके घासून स्वच्छ करा, गरज असल्यास पट्टी नवी घाला. मगच केबलला हात लावा.

नवी केबल घालताना

बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर प्रथम काढावी. मूळ एमजीएत बॉडीला पॉझिटिव्ह टोक जोडलेले असते. ते पाहून घ्यावे. जुन्या केबलचा मार्ग कागदावर काढून ठेवावा किंवा मोबाईलवर फोटो घ्यावा. कार्ब्युरेटरकडचा स्क्रू सैल केल्यावर जुन्या केबलच्या टोकाला मजबूत दोरा बांधून ती गाडीच्या आतून ओढावी. दोरा वाटेत राहतो आणि त्याच दोऱ्याने नवी केबल ओढून घेता येते.

तयार केबल मिळाली नाही तर बनवून घेता येते. चोकची तार नुसती ओढत नाही, तिला ढकलायचेही असते. त्यामुळे शक्य तिथे एकसंध कडक तार वापरावी. पिळाची तार वापरायची असेल तर कापण्याआधी त्या जागी डाग द्यावा, म्हणजे धागे सुटणार नाहीत. बाहेरची नळी कापल्यावर तिचे तोंड कानशीने साफ करावे. जुना नॉब मात्र जपून ठेवावा आणि तोच बसवावा; मालकाला त्याची किंमत केबलहून जास्त असते.

मार्ग बदलायचा असेल तर

कित्येक जुन्या गाड्यांत मधल्या काळात दुसरे इंजिन किंवा दुसरा कार्ब्युरेटर बसवला गेला. तिथे केबलचा मूळ मार्ग जुळत नाही. अशा वेळी सर्वांत जवळची वाट धरण्याचा मोह होतो, पण जवळच्या वाटेत वळणे आवळ असतात. जितकी वळणे जास्त, तितकी तार नळीला घासते. थोडी लांब, पण मोठ्या वळणाची वाट बरी. कार्ब्युरेटरपाशी केबल सरळ आली पाहिजे. मॅनिफोल्ड, स्टिअरिंगचा दांडा, पेडल आणि बॅटरीची टोके यांपासून ती दूर असावी. सेल्फ मारताना इंजिन हलते, तेव्हा थोडी ढील ठेवावी. नळी दोन्ही टोकांना पक्की धरलेली हवी. नळीच सरकली तर तार काम करणार नाही.

पत्र्याला नवे भोक शक्यतो पाडू नये. आधीचे एखादे भोक सापडते का ते पाहावे, आणि ग्रॉमेट विसरू नये. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. साहजिकच असे मालक ड्रिल मशीन पाहून दचकतात. त्यांना विचारल्याशिवाय गाडीला भोक पाडू नये.

शेवटची बैठक

नॉब पूर्ण आत असताना तारेला साधारण दीड मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर जेट पूर्ण वर बसत नाही. स्क्रू आवळताना फार जोर लावू नये, तार कापली जाते. नॉब पाच-सहा वेळा ओढून, दाबून दोन्ही जेट वर येतात का ते डोळ्यांनी पाहावे. सकाळी थंड इंजिन सुरू करून, गाडी थोडी फिरवून आणावी आणि प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग असला तर काम ठीक. काळी काजळी असेल तर पुन्हा तपासावे.

केबल तोडून चोक कायमचा बांधून टाकण्याची युक्ती काही गॅरेजांत चालते. मुंबईच्या हवेत ती खपूनही जाते. पण डिसेंबरात मालक महाबळेश्वरला गेला आणि पहाटे गाडी सुरू झाली नाही, की त्याला मिस्त्रीचे नाव आठवते, आणि ते चांगल्या शब्दांत नव्हे.

धंद्याच्या दृष्टीने

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीने मुंबईतल्या किती गॅरेजांच्या चुली पेटत्या ठेवल्या! मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. अम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले होते. नव्या मोटारींत इंजेक्शन आले, चोक राहिला नाही. कार्ब्युरेटर ओळखणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, पण जुन्या गाड्या जपणारे शौकीन आहेत आणि त्यांना असेच हात हवे आहेत. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि ऑपेरा हाऊसचा सुट्या भागांचा बाजार यांची खबर ठेवणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही.

मजुरी आधी सांगा. काढलेली जुनी केबल गिऱ्हाईकाच्या हातात द्या. दोष केबलचा असेल तर केबलचेच पैसे घ्या, इंजिनाचे नव्हे. गिऱ्हाईकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. एका केबलच्या कामात मिळकत थोडी असेल, पण ज्याने इंजिन न उघडता दुखणे ओळखले, त्याच्याच दारात ती गाडी इंजिनाच्या कामासाठीही येते.