कापसाचा पैसा, कागदाची बँक

अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग सगळ्यांची नजर मुंबईकडे वळली. चार वर्षांत शहरात एवढा पैसा आला की लोकांनी गाद्या उसवून जुना कापूसही विकला, असे सांगत. या पैशाबद्दल माझी तक्रार नाही, तो खऱ्या मालाच्या मोबदल्यात आला होता. घात झाला तो पुढे.

हातात खेळणाऱ्या पैशाला वाट हवी होती. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि जमिनीच्या ८ कंपन्या होत्या. बहुतेकींचा धंदा एकमेकींचे शेअर घेणे-विकणे एवढाच. सर्वांत गाजली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन काढायची, हा तिचा बेत. भराव पुरता पडलाही नव्हता, तोच तिच्या ४०० शेअरांचा लिलाव झाला. ५,००० रुपयांच्या शेअरला सरासरी २६,५०० रुपये जादा मिळाले. म्हणजे नुसत्या अधिमूल्याचे १ कोटी ६ लाख! पुढे हाच शेअर ५०,००० पर्यंत चढला.

एवढी रोकड कोणाकडे होती? फार थोड्यांकडे. बाकीचा खेळ वायद्यांवर आणि उसनवारीवर चालला होता, आणि उसनवारीचे मोठे दार होते बँक ऑफ बॉम्बे. या बँकेत सरकारचे भांडवल होते, संचालक मंडळावर सरकारने नेमलेली माणसे होती. शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची तिला पूर्वी मनाई होती. १८६३ च्या कायद्याने ती मनाई उठवली. माझ्या मते या पडझडीचे मूळ कापसाच्या भावात नाही, या एका दुरुस्तीत आहे. दलालांचे राजे प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बँकेत प्रमाण मानला जाऊ लागला. त्यांची चिठ्ठी आली की कर्ज मंजूर. तारण काय, तर ज्या शेअरांचा भाव त्याच कर्जाच्या पैशाने फुगला होता तेच शेअर.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेच्या यादवीतला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. कापूस कोसळला आणि १ जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली. देणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही, अशी गत झाली. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्या खाली आला. २,८५० रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. १८६८ मध्ये बँक बंद झाली; चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने तिच्या कारभाराचे वाभाडे काढले. १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली.

प्रेमचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर पुढे उभा राहिला, त्यामुळे ही कथा मुंबईच्या वैभवाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. कापसाचे भाव चढे असताना दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव पडू लागले तसा त्याने हात आखडला. सरकारने मात्र त्या तेजीच्या हिशेबाने सारा वाढवला. १८६७ च्या फेरआकारणीत इंदापूर तालुक्याचा सारा निम्म्याहून अधिक चढला. शेअर म्हणजे काय हे ज्याने कधी ऐकलेही नव्हते, तो अशा रीतीने या तेजीची किंमत चुकवत राहिला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. दंगा गावोगाव पसरला, आणि जिथे तो पोहोचला तिथे शेतकऱ्यांनी आधी मागितली ती कर्जखते.