दुरुस्ती आली, लावली का?

संगणक बंद करायला जावं आणि नेमकी तेव्हाच 'अपडेट करा आणि बंद करा' अशी सूचना पडद्यावर यावी, हे आता सर्वांच्याच परिचयाचं आहे. आपण घाईत असतो. 'नंतर आठवण करा' यावर टिचकी मारतो आणि उठतो. या 'नंतर'ची किंमत किती असू शकते, याविषयी मला आज बोलायचं आहे.

विंडोज, लिनक्स किंवा फोनमधलं अँड्रॉइड यांना आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. संगणकाचा सगळा कारभार पाहणारी ही प्रणाली माणसांनीच लिहिलेली असते आणि तिच्या आज्ञांच्या ओळी कोट्यवधी असतात. त्यामुळे त्यात चुका राहतात. या चुकांना 'बग' म्हणतात आणि त्यावरच्या दुरुस्तीला 'पॅच', म्हणजे आपलं साधं ठिगळ. पूर्वी संगणकाला छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा देत. चुकीचं छिद्र पडलं की त्यावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. फिती गेल्या, शब्द मात्र राहिला.

आता एक उदाहरण पाहू. विंडोजमध्ये संगणकांनी आपसांत फायली वाटून घेण्याची जी सोय असते, तिच्यात एक गंभीर चूक होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी तिची दुरुस्ती उपलब्ध करून दिली. १२ मे २०१७ रोजी याच चुकीचा फायदा घेत 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या. मधले दिवस मोजा; ते ५९ भरतात. औषध ५९ दिवस दुकानात तयार होतं, ते घेतलं गेलं नव्हतं.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला याचा मोठा फटका बसला. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांच्या कामावर परिणाम झाला आणि १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज होता. दुरुस्ती लावा, असा इशारा या संस्थांना मार्च आणि एप्रिल महिन्यांत दिला गेला होता. बाधित संगणकांत बहुतेक विंडोज ७ वर चालणारे, म्हणजे ज्यांच्यासाठी दुरुस्ती हाताशी होती असेच होते. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच चूक होती. त्या वेळी आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं होतं.

दुरुस्ती आल्यावर धोका कमी व्हायला हवा, मग तो वाढतो कसा? दुरुस्ती जाहीर झाली की ती चोरांच्याही हाती पडते. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ते पाहतात, काय बदललं. जिथे बदल, तिथे आधी भोक होतं, हे उघडच आहे. म्हणून दुरुस्ती आल्यानंतर ज्यांनी ती लावलेली नसते, त्यांचं घर कुठून फोडायचं, याचा नकाशाच बाहेर आलेला असतो.

मग दुरुस्ती शोधायची कशी? पहिलं काम, आपली प्रणाली नेमकी कोणती, ते पाहणं. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत 'विनव्हर' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला, की आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख असते. ती वर्षभरापूर्वीची असेल तर सावध व्हावं.

दुसरं काम, चूक जशी दिसते तशी अक्षरशः लिहून घेणं. 'संगणक अडकतो' एवढ्याने काही सापडत नाही. निळ्या पडद्यावरचा संकेतांक, कुठल्या दिवसापासून त्रास सुरू झाला आणि त्याआधी कोणतं अपडेट बसलं, हे सांगितलं की उत्तर सापडू शकतं. विंडोजच्या प्रत्येक अपडेटला 'केबी'ने सुरू होणारा क्रमांक असतो. विंडोज ७ साठी वॉनाक्रायच्या वाटेवरची दुरुस्ती होती केबी ४०१२२१२. हा क्रमांक कंपनीच्या मदत-पानावर शोधला, की काय दुरुस्त झालं आणि या दुरुस्तीमुळे कोणत्या नव्या अडचणी आढळल्या, या दोन्ही गोष्टी वाचायला मिळतात. दुसरा भाग लोक वाचत नाहीत, आणि तोच जास्त उपयोगाचा असतो. सुरक्षेच्या चुकांना 'सीव्हीई' हा वेगळा क्रमांक असतो. आपल्याकडे 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था अशा चुकांच्या सूचना प्रसिद्ध करते.

कधी चूक कळलेली असते, पण दुरुस्ती यायची असते. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-सेवेत अशीच चूक उघड झाली. दुरुस्ती येईपर्यंत सल्ला होता, ज्या संगणकावरून छपाई करायची नाही, तिथे 'प्रिंट स्पूलर' ही सेवा बंद ठेवा. असा तात्पुरता उपायही मदत-पानावरच दिलेला असतो.

एक शंका रास्त आहे. अपडेटनेच संगणक बिघडला तर? असं झालेलं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या अपडेटनंतर काहींच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या गेल्या. कंपनीला ते थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावं लागलं. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. उपाय काही तासांत कळला; सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकायची. पण बंद पडलेल्या यंत्राला तो दुरून पोचवता येईना. बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस जाऊन बसला.

यावर इलाज अपडेट टाळणं हा नव्हे. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते का, तेही पाहावं. कार्यालयात दहा संगणक असतील तर दुरुस्ती आधी एकावर लावून रोजची कामं करून पाहावीत, मग बाकीच्यांवर. बिघाड झालाच, तर 'अपडेट हिस्ट्री'त जाऊन बरीचशी अपडेट काढून टाकता येतात. दुरुस्ती नेहमी प्रणालीच्या स्वतःच्या अपडेट-सोयीतून किंवा कंपनीच्या ठिकाणावरूनच घ्यावी. 'तुमचा संगणक धोक्यात आहे, इथे टिचकी मारा' म्हणून उगवणाऱ्या चौकटीतून कधीच नको.

आणि शेवटची पायरी, जी हमखास राहते. अनेक दुरुस्त्या संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाहीत. 'डाउनलोड झालं' म्हणजे 'लागलं' नव्हे. पुन्हा सुरू करून यादीत तो क्रमांक दिसतो का, ते पाहावं.

दुरुस्त्यांनाही मुदत असते. विंडोज एक्सपीची मदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. वॉनाक्रायनंतर अपवाद म्हणून तिला दुरुस्ती मिळाली, तीही हल्ला झाल्यावर. विंडोज ७ ची मदत १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशी जुनी यंत्रं वापरावीच लागत असतील, तर ती इंटरनेटपासून वेगळी ठेवावीत.

मायक्रोसॉफ्टच्या नियमित दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. दिनदर्शिकेवर, जिथे आपण गॅस सिलिंडरची तारीख लिहितो, तिथेच दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी एक खूण करून ठेवा. त्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी अर्धा तास काढा. फायलींची प्रत घ्या, दुरुस्ती लावा, संगणक पुन्हा सुरू करा आणि यादी तपासा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)